लॉकला लावलेलं हळद-कुंकू

चहा घ्या आधी. गार झाला तर म्हणाल, वश्याने बडबड करून चहाची वाट लावली. हसायचं तेवढं हसा, पण मध्ये उठू नका. आमच्या लालबागेत मूर्खपणा करणारे पुष्कळ झाले, पण कॉम्प्युटरला खोबरेल लावून वर हवालदाराला घरी घेऊन येणारा मी एकटाच!

आमच्या आबांची गिरणी संपात बंद पडली, ती पडलीच. बऱ्याच वर्षांनी त्यांचे हक्काचे जे काही पैसे हातात आले, त्यातून आम्ही कॉम्प्युटर घेतला आणि चाळीच्या जिन्याखाली डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल, बारशाची आमंत्रणं, असली कामं. घरात कमावणारी वस्तू ती एकच. आबा रोज सकाळी येऊन मॉनिटरवर फडकं मारायचे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, मारायचे ना पूर्वी, अगदी तसंच.

आता तेव्हाची एक गंमत सांगतो. कॉम्प्युटरवर मराठी उमटवायचं तर सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागे, आणि त्याबरोबर कंपनी एक लॉक द्यायची. काडेपेटीएवढा डबा, एका बाजूला पिना, दुसऱ्या बाजूला भोकं. तो कॉम्प्युटरच्या पाठीत खोचायचा. लॉक असेल तर मराठी चालणार, काढलं की बंद! कुणी चोरून कॉपी करू नये म्हणून ही तजवीज.

पण चोर काय कमी असतात? आमच्या समोरच्याच गाळ्यात बाळ्या धुरी बसायचा. आमच्याच गावचा, आमच्याच शाळेतला, धंदाही तोच. पण बाळ्याकडे लॉक नव्हतं. त्याच्याकडे होती एक फ्लॉपी. कुणीतरी लॉकची भानगड तोडून बनवलेली, फुकटातली. तिला सगळे क्रॅक म्हणायचे.

मला हे सहन व्हायचं नाही. मला लहानपणापासून एक खोड आहे. आबा मला खांद्यावर बसवून संपाच्या गेटमीटिंगला न्यायचे. तिथली भाषणं ऐकून एक वाक्य माझ्या तोंडात बसलं ते कायमचं. ‘न्यायाला धरून बोला!’ भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही मी हेच म्हणतो. बायको म्हणते, तुम्ही मंगलाष्टकांच्या वेळी भटजींनाही हेच ऐकवलंत. खोटं आहे ते. मी पुटपुटलो होतो.

तर रोज चहाच्या वेळी मी बाळ्याचं डोकं खायचो.

‘‘बाळ्या, न्यायाला धरून बोल. मी पैसे भरून लॉक घेतलं आणि तू फुकट वापरतोस. पत्रिकेचा भाव मग तूच कमी लावणार ना?’’

‘‘व्हय रे बाबा,’’ बाळ्या बशीतून चहा ओढत म्हणायचा. ‘‘तू हरिश्चंद्र. बिस्कूट खा.’’

एकदा काय झालं, मंडळाच्या अहवालाचं काम, जे दर वर्षी माझ्याकडे यायचं, ते बाळ्याकडे गेलं. झालं! माझं टाळकं सटकलं. तसाच नाक्यावरच्या फोनवाल्याकडे गेलो, रिसिव्हरवर रुमाल धरला आणि कंपनीला फोन लावला. आवाज घोगरा काढून बाळ्याचा सगळा पत्ता दिला. पलीकडचे साहेब म्हणाले, ‘‘बघतो, सवडीने येऊ.’’ मी म्हटलं, ‘‘सवडीने कसं? साहेब, न्यायाला धरून बोला!’’ त्यांनी नाव विचारलं. मी म्हटलं, ‘‘एक प्रामाणिक नागरिक.’’ आणि ठेवला फोन.

फोनवाल्याने विचारलं, ‘‘सर्दी झाली काय रे?’’

कोणी आलं नाही. महिने गेले. मीही ते विसरून गेलो. राग माझा असाच, दुधासारखा उतू जातो आणि शेगडी विझवतो.

मग आला नवरात्राचा शेवट. खंडेनवमी! आम्हा गिरणीवाल्यांच्या घरात दिवाळीपेक्षा मोठा दिवस. गिरणी चालू होती तेव्हा आबा त्या दिवशी साचा पुसून, तेल घालून, झेंडूचा हार चढवायचे. आता साचा कुठला? आबा म्हणाले, ‘‘वसंता, आता हाच आपला साचा. पूजा नीट कर.’’

आता मला सांगा, चुकलं कुठे माझं? पोट भरणाऱ्या अवजाराची पूजा करायची नाही? मी मॉनिटरला हार घातला. माऊसला कुंकू लावलं. कीबोर्डवर फूल ठेवलं. आणि मग मनात आलं, या सगळ्यात खरं दैवत कोण? ज्याच्यावाचून पान हलत नाही ते लॉक! ते बिचारं पाठीमागे अंधारात. हे काय न्यायाला धरून नाही.

मी लॉक काढलं. ताम्हनात ठेवलं. पिना जरा काळसर दिसल्या म्हणून खोबरेलाचं बोट फिरवलं. मग ओलं हळद-कुंकू, चांगलं सढळ हाताने. वर अक्षता. आबा मागे उभे होते. डोळे भरून आले हो त्यांचे!

‘‘असं तेल मीसुद्धा घालत नव्हतो,’’ ते म्हणाले.

लॉक दोन्ही दिवस देव्हाऱ्यात बसलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते परत खोचलं, कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर अक्षरं आली, ‘लॉक सापडत नाही.’

काढलं, घातलं. फुंकर मारली. मांडीवर आपटलं. सापडत नाही म्हणजे नाहीच! आणि दिवस कुठला? आमच्या सुमीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं. तात्यामामा त्याच संध्याकाळी गावी निघणार होते. पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढे ठेवायची, बाकीच्या गावात वाटायच्या. देवाला पत्रिका गेल्याशिवाय आई कोणालाच बोलावू देईना. आणि पत्रिका मी शेवटच्या दिवसावर ढकललेली. दुकान घरचं ना! घरच्या कामाला कोण घाई करतं?

आता जाणार कुठे? गेलो. खाली मान घालून समोरच्या गाळ्यात गेलो. बाळ्याने सगळं ऐकून घेतलं. मग लॉक हातात घेऊन उजेडात धरलं.

‘‘मेल्या, ह्या लॉक आसा की गणपतीचो उंदीर? कॉम्प्युटराक तेल कोण लावता?’’

‘‘बाळ्या, हसू नको. सुमीच्या पत्रिका अडल्यात.’’

त्याचं हसू लगेच थांबलं. त्याने खणातून फ्लॉपी काढली. तीच ती, क्रॅकवाली. ‘‘घेवन जा. माका आता लागणा नाय.’’

का लागत नाही, हे विचारायला नको होतं? पण घाईत माणूस विचारतो का? फ्लॉपी घातली. आधी पडद्यावर एक हाडाची कवटी नाचली आणि पिपाणीसारखं संगीत वाजलं, मग मराठी सुरू. काय पळत होतं म्हणून सांगू! माझ्या पैसे भरलेल्या मराठीपेक्षा ही चोरीची दुडक्या चालीने पुढे. मला जरा वाईटच वाटलं.

पत्रिका अर्धी झाली होती. इतक्यात समोर गलका. मान वर करून बघतो तर बाळ्याच्या गाळ्यासमोर एक बॅगवाले साहेब आणि चौकीतला हवालदार!

तो घोगऱ्या आवाजातला फोन! महिन्यांनी पिकला, आणि पिकला तो आजच? ज्याने सकाळी माझी लाज राखली, त्याच्या दारात मी पोलीस उभा केला होता. त्याचा कॉम्प्युटर आता उचलून नेणार. त्याची बायको, पोरं कशावर जगणार? खरं सांगतो, त्या घडीला मला स्वतःची फ्लॉपी आठवलीच नाही. मी चपला न घालता धावलो.

‘‘साहेब!’’ मी बाळ्यापुढे जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात पसरून. ‘‘हा माणूस गरीब आहे, गुणाचा आहे. बडे मालक सुटतात आणि तुम्ही जिन्याखालच्या माणसाला धरता? साहेब, न्यायाला धरून बोला!’’

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘पुन्हा एकदा म्हणा.’’

‘‘काय?’’

‘‘शेवटचं वाक्य.’’

‘‘न्यायाला धरून बोला?’’

‘‘घोगऱ्या आवाजात म्हणा जरा.’’

हवालदाराने टोपी वर केली. बाळ्या एकदा साहेबांकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागला.

‘‘ह्यांनीच तुमची तक्रार केली होती,’’ साहेब बाळ्याला म्हणाले. ‘‘आणि आज हेच तुमचे वकील. पण वकिलाची गरज नाही. तुमच्याकडे तर आमचं लॉक आहे, पावती आहे. सगळं चोख!’’

मी बाळ्याच्या कॉम्प्युटरच्या मागे डोकावलो. होतं हो! नवंकोरं लॉक.

‘‘गणपतीच्या आधी घेतलंय,’’ बाळ्या म्हणाला. ‘‘तू रोज डोक्याक ताप दिलंस, म्हटलं एकदा गप तरी होशील. तुका सांगूक नाय. सांगलं असतं तर तू पेढे वाटलं असतंस.’’

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण लालबागची धरणी कसली घेते, तिथे आधीच गर्दी! आणि तेवढ्यात साहेब म्हणाले, ‘‘एवढे प्रामाणिक नागरिक आहात, चला, तुमचंही दुकान बघून जातो.’’

पुढचं काय सांगू? कॉम्प्युटर मी सुरू ठेवूनच धावलो होतो. साहेबांनी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. कवटी नाचली. पिपाणी वाजली. हवालदार ठेका धरायला लागला.

‘‘साहेब, मी पैसे भरलेत!’’ मी खोका काढला, पावती काढली. ‘‘सॉफ्टवेअर तुमचंच, विकत घेतलेलं. फक्त लॉक...’’

‘‘कुठाय लॉक?’’

मी ते पुढे केलं. साहेबांनी ते उलटं करून टेबलावर टकटकवलं. भोकातून तांदळाचा दाणा पडला. मग आणखी एक. कुंकवाचा लाल ओघळ त्यांच्या बोटावर आला. हवालदाराने नकळत हात जोडले.

‘‘लॉकला ओलं करू नये, असं आमच्या पुस्तकात आहे,’’ साहेब म्हणाले. ‘‘पूजा करू नये, हे लिहायचं आमच्याही डोक्यात आलं नाही.’’

पण मग त्यांचा आवाज बदलला. पैसे भरले असले तरी मशीनवर चालतंय ते चोरीचंच. नियमाने मशीन जप्त करायला हवं. जप्त! आबांची सगळी गिरणी त्या एका मशीनमध्ये होती हो. आबा इतका वेळ कोपऱ्यात बसून होते, ते उठले.

‘‘साहेब, एक विचारू? गिरणीच्या मालकाने गेटला टाळं लावलं, ते त्याने त्याच्या पैशाने लावलं. आमचा पोरगा असा शहाणा, की स्वतःच्या पैशाने टाळं विकत घेऊन आला. ज्याने पैसे भरले तो बाहेर, नि चोर आत. हे कसं काय?’’

साहेब बोटावरचं कुंकू बघत राहिले. मग हसले. मशीन तिथेच राहिलं. फ्लॉपी त्यांनी कात्रीने कापली, मराठी पुसून टाकली आणि म्हणाले, ‘‘लॉक बदलून पाठवतो. तोवर दुकान बंद. आणि हवालदार, नोंद काय करणार? तक्रारदार हाच नि चोर हाच!’’

‘‘चहा पिऊन टाकू साहेब,’’ हवालदार म्हणाला.

ते गेले. मी बसलो बंद पडलेल्या दुकानात. मामांची एसटी संध्याकाळची. सुमी दारात येऊन उभी राहिली. तेवढ्यात समोरून हाक आली.

‘‘ओ प्रामाणिक नागरिक! पत्रिकेचो मजकूर सांगतंस काय?’’

बाळ्याने स्वतः बसून सुमीची पत्रिका केली. पैशाचं नाव काढू दिलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघू शकत नव्हतो. त्याने छपाईचा कागद पुढे केला, म्हणाला, ‘‘प्रूफ वाच.’’ वाचायला मान वर नको करायला? मी खाली बघूनच म्हटलं, ‘‘तू केलंयस ना, बरोबरच असणार,’’ आणि सही ठोकली. कोपऱ्यावरच्या छापखान्यात पत्रिका छापल्या, पंख्याखाली वाळवल्या, आणि मामा गठ्ठा घेऊन निघाले. सुमी खूश, आई खूश.

गावात काय झालं, ते मामांनी परत आल्यावर सांगितलं. देवळात सगळा गाव जमला. गुरवाने पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाला मागणं, घालायच्या आधी मोठ्याने वाचायला घेतली. वधू, वर, मुहूर्त, स्थळ. आणि तळाला, जिथे घरातल्या लहान पोरांच्या नावाने ‘माझ्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ असं छापतात ना, तिथे छापलं होतं, ‘माझ्या बहिणीच्या लग्नाला न्यायाला धरून यायचं हं! — तुमचा, एक प्रामाणिक नागरिक.’

आणि गाऱ्हाण्याला होकार देतात तसा सगळा गाव एका आवाजात म्हणाला, ‘‘व्हय म्हाराजा!’’

आता देवापुढे कबूल झालेलं बदलता येतं का? मी तणतणत बाळ्याकडे गेलो. त्याने शांतपणे खणातून प्रूफचा कागद काढला आणि तळाशी बोट ठेवलं. सही माझीच होती, आणि शेजारी मीच माझ्या हाताने लिहिलं होतं, ‘वाचले, बरोबर आहे.’