घरपट्टीपायी गेलेलं दार

ती घटना मनात आली की आजही मला आधी दिसते ती सोप्यात बांधलेली म्हैस. आरोपी नाही, फिर्यादी नाही, म्हैस. सारा गुन्हा तिनेच उघडकीला आणला, असं मी म्हणतो आणि घरचे हसतात. हसू देत.

लढाई नुकतीच संपली होती. तासगावच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांचा भाग माझ्याकडे होता. मी तेव्हा फौजदार. त्यातल्या एका गावाहून पोलीस पाटलाचा निरोप आला : फौजेतून पेन्शनीवर आलेल्या एका जवानाच्या घराचं दार चोरीला गेलं आहे. नुसती फळी नव्हे, चौकटीसकट दार. कराडच्या सुताराकडून मुद्दाम करवून आणलेलं सागवानी दार होतं. पेन्शनीच्या कामासाठी जवान साताऱ्याला गेला, परत येऊन पाहतो तो घराला भगदाड. घरात म्हातारी आई एकटीच होती. तिचं म्हणणं, ती रात्री शेजारी भजनाला गेली, तेवढ्यात कुणीतरी डाव साधला.

पाटलाने संशयितही तयार ठेवला होता. जवानाच्या शेतात एक धनगर मेंढरं बसवून होता. आमच्या भागात ही जुनीच रीत. मेंढरं रानात बसतात, लेंडीखत पडतं, शेतकरी धनगराला धान्य देतो. पाटलाने त्याच्या पालाची झडती घेतली तर त्या दाराची पितळी कडी घोंगड्याखाली सापडली. मुद्देमालच हाती आला म्हटल्यावर गावाच्या लेखी तपास संपलेला होता.

चावडीवर मी त्याला समोर बसवलं. चाळिशीचा, काटक माणूस. नजर खाली नव्हती.

"कडी तुझ्याकडं कशी आली?"

"वाटंत गळाली व्हती. द्यायची ऱ्हायली."

"कुणाला द्यायची?"

त्याने खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं.

"दार तू नेलंस?"

"चोरी केली न्हाई, सायेब."

"मग कुणी केली ते ठाऊक आहे?"

"समदं ठाव हाय. पर सांगनार न्हाई. बिरोबाचा भंडारा उचलून शबूद दिलाय."

माझा स्वभाव तेव्हा तापट. डोकं भडकलं. हवालदार तर काठीकडे पाहू लागला होता. पण खोटं बोलणारा माणूस "मला ठाव न्हाई" म्हणतो, "सांगणार न्हाई" म्हणत नाही, एवढं नोकरीत शिकलो होतो. हवालदाराला म्हटलं, "काठी कोपऱ्यात ठेव आणि याला पाणी दे."

बाहेर त्याची बायको कोकरू काखेत धरून उभी होती. मेंढ्या व्यायचे दिवस. ती मला म्हणाली, "आवं सायेब, त्यांला तासगावला नेलं तर म्या एकटी कळप कसा राखू? आन चोर म्हनून नाव झालं, तर फुडं आमची मेंढरं कोन बसवून घील रानात?" ती खरंच बोलत होती. त्या लोकांचं पोट विश्वासावर चालतं. एकदा चोर ठरला की सुटून आला तरी गावोगावची रानं त्याला बंद.

दुसऱ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं भाग होतं. त्याआधी जागेचा पंचनामा करायला मी जवानाच्या घरी गेलो.

पाहतो तर भिंतीतलं भगदाड कडेने शेणमातीने नीट लिंपलेलं. चोर चौकट काढतो, लिंपत बसत नाही. आत सोप्यात म्हैस बांधलेली, पुढ्यात वैरण. परड्यात चांगला गोठा रिकामा पडलेला.

"म्हैस आत का?" मी विचारलं.

"चोराचं भ्या वाटतं," म्हातारी म्हणाली.

दार नसलेल्या घरात म्हैस आणून चोराला लांब ठेवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. शिवाय ज्याच्या घरी चोरी होते तो माणूस 'शोधा, शोधा' म्हणून आमचा जीव खातो. ही म्हणत होती, "जाऊ द्या आता. गेलं ते गेलं." मुलगा मात्र लंगडत्या पायाने येरझाऱ्या घालत होता. लढाईत त्याच्या पायाला गोळी लागली होती, आणि पहिल्या कमाईचं ते दार होतं.

परत चावडीवर येताना मी पाटलाला सहज विचारलं, "गावात सध्या नवीन काय?"

"काय न्हाई. पंचायतीनं घरपट्टी बसवायचं ठरवलंय. पंच घरं बगायला येनार हायत. दवंडी झालीया."

"आणि बायका काय म्हणतात?"

पाटील हसला. "त्यांचं काय इचारता. शेजारच्या गावात एक घर बांधून व्हायचं व्हतं, दार बसलं न्हवतं, ऱ्हायला कुनी न्हवतं. त्याला पट्टी लागली न्हाई. तवापासनं पानवठ्यावर एकच, दार न्हाई त्ये घर न्हवं, गोठा. गोठ्याला पट्टी न्हाई."

मी तिथेच थांबलो. मग सरपंचाला गाठून पट्टी कशी बसते ते नीट समजून घेतलं आणि पुन्हा म्हातारीकडे गेलो. मुलाला बाहेर पाठवलं.

"आजी, पट्टी दारावर नसते. पंच भिंती बघतात, छप्पर बघतात, घर केवढं, कशाचं, ते बघून अंदाजाने किंमत धरतात. त्यावर पट्टी. मग ती चावडीवर लावतात. जास्त वाटली तर मुदतीत हरकत घ्यायची, पंचांना ऐकावं लागतं. त्या गावचं घर सुटलं ते अजून पुरं नव्हतं म्हणून."

तिने म्हशीपुढची वैरण सारखी केली. मग हळूच म्हणाली, "आन कुनी सरकारला खोटं दावलं, तर पोराची पेन्शन बंद व्हती का?"

तेव्हा मला सगळं कळलं. मुलगा सरळमार्गी आणि तिरसट. त्याला सांगितलं असतं तर त्याने दार काढू दिलं नसतं, म्हणून तिने तो गावाला गेल्यावर धनगराला शपथ घालून त्याच्याकडून काम उरकून घेतलं. सांगायच्या आत तो तडक पाटलाकडे गेला, आणि मग भीतीने तिची वाचाच बसली.

"पेन्शन त्याच्या जखमेची आहे, आजी. तिचा पट्टीशी काही संबंध नाही. पण दार उचलू लागलेला माणूस चावडीत बसलाय. उद्या त्याला कोठडीत नेतो."

"कोन, धनगर?" ती ताडकन उठली. "मला तर पोरगा म्हनला, चोर घावला. कोन घावला त्ये बोलला न्हाई."

अनवाणीच ती माझ्यापुढे चालू लागली. चावडीत सगळ्यांच्या देखत धनगरासमोर उभी राहिली. "बाबा, तुजा शबूद मी सोडते. दार कडब्याच्या गंजीत हाय. मीच काढाय लावलं." मुलगा मागे येऊन उभा होता. त्याने मान खाली घातली.

धनगराला मोकळं करताना मला राहवलं नाही. "अरे, तुरुंगात गेला असतास. मेंढरांचं काय झालं असतं?"

"मेंढरं बायकूनं राखली असती," तो म्हणाला. "शबूद कुनी राखला असता?"

मी कडी त्याच्याच हातात दिली. दार त्यानेच पुन्हा बसवलं, आणि जवानाने त्याला चौकटीचं दुसरं टोक धरून दिलं. गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून मी कागद वर पाठवले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. सरकार पट्टी बसते म्हणून दवंडी देतं, ती कशी बसते ते सांगत नाही. उरलेलं लोक पानवठ्यावर आपापलं ठरवतात, आणि त्याची किंमत भलताच माणूस मोजतो. मला याचा अजूनही राग येतो. पुढे जिथे बदली झाली तिथे दवंडीवाल्याला मी उभा करून विचारायचो, "पट्टी कशावर, ते सांगितलंस का?" लोक मला विक्षिप्त म्हणायचे.

काही काळाने त्या गावावरून जाणं झालं. म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. मागच्या रानात तोच कळप बसलेला दिसला.

"काय आजी, पट्टी भरली का?"

"भरली की. पंचांनी परड्यातला गोठा खोली म्हनून धरला व्हता. हरकत घेतली, त्यो पट्टीतनं काढाय लावला." मग तिने मागे हात नेऊन दाराची कडी वाजवली. "घराची मातर समदी भरली. दार हाय न्हवं आमाला."