लागतानाचा टक्, सुटतानाचा टक्

आमच्या शेडात एक डब्बा होता आणि त्या डब्ब्याच्या तालावर आमचा संसार चालायचा, असं म्हटलं की माझे हे अजूनही चिडतात. चिडू देत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवण्यात जन्म घालवला, आता निवृत्तीनंतर कोणाच्या रागाला भिऊन काय लिहायचं?

वाशिमकडच्या मालेगावहून रिसोडकडे जाताना रस्त्यालगतच आमचं पत्र्याचं शेड आहे. लोक सोयाबीन घेऊन येतात, आम्ही ते साफ करून देतो. माल खालच्या खड्ड्यात ओतायचा, तिथून छोट्या बादल्या लावलेला उभा पट्टा तो वर नेतो आणि वरच्या चाळणीत टाकतो. एवढंच मशीन. पण त्याला क्रम असतो. सुरू करताना चाळणी आधी, पट्टा मागून. बंद करताना पट्टा आधी, चाळणी मागून. क्रम चुकला की माल तुंबलाच म्हणून समजा. माणसं चुकतात, म्हणून ह्यांनी हा क्रम काँप्युटरला शिकवला होता.

हे आयटीआय शिकलेले. लग्नाच्या आधीच त्यांनी एका जुन्या रेडिओच्या लाकडी पेटीत तो डब्बा तयार केला. आत काळ्या चिपा, रिले म्हणजे विजेवर लागणारे-सुटणारे खटके, आणि नुसत्या वायरींचं जंगल. कोण्या ऑफिसच्या लिलावातून एक काँप्युटर आणला, त्याच्या मागे प्रिंटर लावायचं रुंद तोंड होतं, त्या तोंडातून जाड केबल थेट डब्ब्यात. काँप्युटरवर बटण दाबलं की डब्ब्यात टक् व्हायचं, आतला रिले लागायचा आणि मोटर फिरायला लागायची. बंद करताना पुन्हा दोनदा, टक् टक्. एक पट्ट्याचा, एक चाळणीचा. खड्ड्यात काही अडकलं तर दोन टक् कानांनी ऐकायचे आणि मग ह्यांनी आत उतरायचं, हा आमच्या शेडातला कायदा होता. नवीन माणूस कामाला आला की त्याला चहाआधी हा कायदा सांगितला जायचा.

मी एकदा म्हटलं होतं, "अवो, पण लागतानाचा टक् अन् सुटतानाचा टक् तर एकसारखाच आयकू येते. कानाले कसं समजावं?"

"तुले नाई समजत. मले समजते," हे म्हणाले. विषय संपला.

मग एक दिवस काँप्युटरनं धूर सोडला. उघडून पाहिलं तर आत उंदरानं घर केलेलं. धान्याच्या शेडात दुसरं काय होणार! उंदीर मेला होता आणि काँप्युटरही. हे तो गोणीत घालून वाशिमला घेऊन गेले. दुकानदारानं पाहिलं, हसला आणि म्हणाला, असले पार्ट आता मिळत नाहीत काका, डब्बाबिब्बा फेका आणि तयार पॅनल बसवून घ्या. डब्बा फेका म्हटल्यावर ह्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यानं घरातलं माणूस बाहेर काढायला सांगितलं. दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतच ते घरी आले.

मुलगी पुण्याला नोकरी करते, तिनं तिचा वापरलेला लॅपटॉप पाठवून दिला. आता त्याला ते रुंद तोंड कुठून असणार? बाजूला दोन बारक्या फटी, बस. ह्यांनी एक वायर मागवली, एका टोकाला बारकी पिन, दुसऱ्या टोकाला रुंद तोंड. मोठ्या आशेनं लावली. लॅपटॉपला वाटलं समोर प्रिंटर आहे. त्यानं पडद्यावर लिहून दिलं, कागद संपला आहे. मी पोट धरून हसले. हे हसले नाहीत.

मुलगी सुट्टीत आली तेव्हा बाप-लेक जे शेडात घुसले ते जेवायलाही येईनात. मी जेवणाचा डबा नेऊन दिला तर दोघंही माझ्याकडे न बघता जेवले. तिनं एक छोटं बोर्ड आणलं होतं, तळहातात मावेल एवढं. लॅपटॉप बोर्डाशी बोलणार, बोर्ड डब्ब्याशी बोलणार. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळणी हलली, मग पट्टा उठला, माल वर चढला. ह्यांनी मालेगावहून जिलेबी आणली. विहारात जाताना ज्याला त्याला सांगत होते, "पोट्टीनं माह्या डब्ब्याले नवीन जीव देल्ला."

मला ते वाक्य आवडलं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पहिल्यांदा ते आमच्याकडे पोती शिवायला येणाऱ्या बाईनं पाहिलं. दुपारी सगळे जेवायला गेले होते, ती एकटीच शेडात बसलेली. डब्ब्यात टक् झालं. पट्टा हातभर सरकला. पुन्हा टक्, आणि सगळं गप्प. लॅपटॉपपाशी कोणीच नव्हतं. ती सुई पोत्यात तशीच सोडून बाहेर आली. "बाई, आत कोनीतरी हाय," ती मला म्हणाली. मी तिला वेड्यात काढलं. दुसऱ्या दिवशी मीच ऐकलं. टक्. बादल्या एकमेकींवर आपटत हातभर वर गेल्या. टक्. मायबाई, हे काय!

हे म्हणाले, व्होल्टेज कमी-जास्त होत असेल. मी मुलीला फोन लावला. तिनं सगळं दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाली, "आई, लॅपटॉप झोपतो आणि मधेच जागा होतो. जागा होताना बोर्ड क्षणभर गप्प होतं. आणि बाबांच्या त्या जुन्या चिपा आहेत ना, त्यांना तारेवर काहीच आलं नाही तर त्या 'हो' समजतात."

"म्हंजे?"

"म्हणजे कोणी काही बोललं नाही, तर मशीन चालू."

मी फोन ठेवला. जुना काँप्युटर काही ना काही सतत सांगत असायचा, चालू तर चालू, बंद तर बंद. गप्प राहायची खोड ह्या नव्यालाच. आणि आमच्या डब्ब्याला गप्प बसलेल्याचा अर्थ एकच कळत होता.

उपाय काही मोठा नव्हता. प्रत्येक तारेला एक छोटा रेझिस्टर जोडायचा, म्हणजे तारेवर काही आलं नाही तर डब्बा त्याचा अर्थ 'नाही' असा घेईल. मुलीनं बापाला नीट सांगितलं, त्यांनाही पटलं. रेझिस्टर घरात डबीभर पडलेले होते. पण त्यासाठी डब्बा उघडायला लागणार आणि आतल्या तारा आता पापडासारख्या झालेल्या. एकीला हात लावला की दुसरी तुटणार. बाहेर सोयाबीनच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या. "सीझन होऊ दे, मंग लावतो," हे म्हणाले. "हातभर तं सरकते. त्याच्यानं काय होते?"

पोती शिवणारी बाई कामावर यायची बंद झाली. निरोप पाठवला तर म्हणाली, मजुरी दुसरीकडे भेटते. मी निवृत्त होऊन घरीच होते, मग पोती मीच शिवायला लागले, आणि कान सारखे त्या पेटीकडे. रात्री झोपेतही मला ते टक् ऐकू यायचं. मी ह्यांना एकच गोष्ट मागत होते. खड्ड्यात उतरायच्या आधी मेन स्विच पाडा. दाराजवळच तर आहे, एक हिसका.

"तुले किती डाव सांगितलं व!" हे उखडले. "मेन पाडला की काँप्युटर पडते. मंग त्याले उठवा, पुन्हा सगळा प्रोग्राम पैल्यापासून भरा. तेवढ्यात अर्धी ट्रॉली होते. इतके वर्सं पाडला नाई, आता कायले पाडू?"

"तवाचं येगळं होतं."

"काय येगळं होतं? डब्बा तोच हाय."

मेन पाडला की काँप्युटर बंद पडतो आणि पुन्हा उठायला चहा होऊन जातो, हे मी इतकी वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं. ते मी खरंच मानलं. मी नुसती भांडी आपटली. घरात भांडी आपटण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

तो दिवस वाऱ्याचा होता. भुसा डोळ्यांत जात होता म्हणून आम्ही शटर ओढून घेतलं होतं आणि आत बल्ब लावला होता. गिऱ्हाईक ट्रॉली रिकामी करून चहाला गेलेलं. मी दाराजवळ स्टुलावर बसून पोतं शिवत होते. लॅपटॉपच्या कोपऱ्यात तीन दिवसांपासून एक सूचना येत होती, अपडेट करायचं आहे, पुन्हा सुरू करू का? हे दर वेळी 'नंतर' दाबायचे. काल नंतर, परवा नंतर, आजही दोनदा नंतर.

मालात ओलसर काड्या होत्या, खाली पट्टा अडायला लागला. ह्यांनी बंदचं बटण दाबलं. टक् टक्. मी मान वर करून पाहिलं, पट्टा आणि चाळणी दोन्ही थांबलेली. हे खड्ड्यात उतरले. वरून मला फक्त त्यांचं टक्कल आणि वाकलेली पाठ दिसत होती. बादल्यांमधून काड्या ओढताना ते काहीबाही पुटपुटत होते, गिऱ्हाईकाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

लॅपटॉपचा पडदा निळा झाला. मधे पांढऱ्या ठिपक्यांचं एक वर्तुळ गोल गोल फिरायला लागलं. या वेळी त्यानं विचारलं नव्हतं.

मला आधी काहीच कळलं नाही. सुई हातातच होती. मग कळलं. हा झोपेतून उठत नाही, हा मुळातून बंद होऊन पुन्हा चालू होतोय, म्हणजे क्षणभर नाही, बराच वेळ गप्प राहणार. मी ओरडले, "अवो, वर या! हात काढा!"

"काय झालं व?" खालून आवाज आला, आणि त्याच्यावरच टक् झालं.

पट्टा हातभर गेला. थांबला नाही. पुढे जातच राहिला. बादल्यांचा आवाज आणि ह्यांचा आवाज एकात एक मिसळला, तो मी इथं लिहिणार नाही. मेनपर्यंत मी कशी पोचले, आठवत नाही. दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला. बल्ब गेला. पट्टा जडपणानं अजून थोडा फिरला आणि कुरकुरत थांबला.

शेडात अंधार झाला, पण पूर्ण नाही. टेबलावर लॅपटॉप तसाच उजळलेला होता आणि ठिपके शांतपणे गोल फिरत होते. त्या निळ्या उजेडातच मी खड्ड्यात उतरले आणि ह्यांना बाहेर काढलं. माझ्या पदरानं त्यांचा उजवा हात गुंडाळला. पदर लगेच भिजला.

चहाला गेलेलं गिऱ्हाईक धावत आलं, त्यानंच रस्त्यावरची एक जीप थांबवली. आम्ही वाशिमच्या रस्त्याला लागलो. हे हात छातीशी धरून माझ्या खांद्यावर डोकं टेकवून बसले होते. डॉक्टरांनी नंतर दोन बोटं काढली, पण ती वाचणार नाहीत हे मला जीपमध्येच कळलं होतं. ज्या बोटांनी ते केसाएवढी तार धरून सोल्डर मारायचे, तीच दोन.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "तूनं बटन दाबलं होतं?"

आयुष्यभराचा संसार, आणि पहिला संशय माझ्यावर! दुसरी वेळ असती तर मी जीप थांबवून भांडले असते. मी फक्त म्हटलं, "नाई. तो आपसूक बंद होऊन चालू होऊन राह्यला होता."

एक गाव मागे गेलं.

"मेन तं तू पाडला न?"

"हाव."

"मंग मले वर काहाडलं तवा उजेड कायचा होता?"

"लॅपटॉपचा."

"तो बंद नाई पडला?"

"नाई पडला. चालूच होता."

त्यांनी डोकं उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. इतकं घाबरलेलं त्यांना मी खड्ड्यातही पाहिलं नव्हतं.

"त्याले बॅटरी असते," ते हळूच म्हणाले. "आतच असते. मले ठाऊक होतं व ते. कोनालेबी ठाऊक असते."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मेन पाडता येत होता," ते म्हणाले. "लॅपटॉप आला त्या दिवसापासून पाडता येत होता." आणि ते मोठ्यानं रडायला लागले. मेनवरून मी त्यांच्याशी इतकी भांडले होते, पण मलाही ही गोष्ट एकदासुद्धा सुचली नव्हती. जीपवाल्यानं आरशातून पाहिलं आणि गाडी आणखी जोरात घेतली.