सागवानी बाजेचा पेडलबोर्ड

ऑक्टोबरातलं धुकं पोंभुर्ण्यावर असं बसलं होतं की संघपालच्या दुकानाची पाटी दिसायच्या आधी दुकानाचा वास यायचा. जळक्या तारेचा आणि व्हार्निशचा. धान लोंबीवर होता, त्याला शेवटचं पाणी पाहिजे होतं, आणि पंपाच्या मोटारींना जळायला नेमका हाच मुहूर्त सापडतो. सकाळी सातलाच चार मोटारी रांगेत होत्या. संघपाल पाटावर बसून छिन्नीनं जळकी तार उपसत होता.

त्याच्या कामाची रीत ठरलेली. जुनी तार काढायची, नवी भरायची, कॉइल व्हार्निशमध्ये बुडवायची आणि शंभरच्या बल्बाखाली शेकायची. व्हार्निश लागलं की ओल आत शिरत नाही. बावीस वर्षांत व्हार्निश न लावता त्यानं एक मोटार दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती. याचा त्याला अभिमान होता, आणि पुढे जे झालं ते त्या अभिमानानंच केलं.

रिवाइंडिंग हे पोटासाठी. संघपाल स्वतःला गिटारवाला समजायचा. नूतनताईंच्या गायन पार्टीत तो पंधरा वर्षांपासून भीमगीतांना गिटार वाजवत होता. पण यंदा पार्टीत ब्रह्मपुरीचा पियुष आला, कॉलेजात क्लार्क, आणि त्याच्यासंगं त्याचा नवा कीबोर्ड. त्या कीबोर्डात एक बटण दाबलं की गिटार वाजायची.

नूतनताई शेजारच्या गावच्या शाळेत मास्तरीण. घुमवून बोलायची त्यांना सवय नाही. त्या दुकानात येऊन उभ्या उभ्याच म्हणाल्या, "संघपालभाऊ, जीपमंधी जागा पाच. गाणारी मी, ढोलकी, पेटी, पियुष आन् मागे कोरसवाली. आता तुमी सांगा, तुमाले कुठी बसवू?"

"ताई, कीबोर्डातली गिटार नकली असते जी."

"लोकाले समजते का?"

ताईंनी एक मुदत मात्र दिली. विहारातला वर्षावास समाप्तीचा कार्यक्रम पौर्णिमेला होता. "त्या दिवशी कायतरी नवीन काढा. नाईतं मंग राग मानू नका."

नवीन काढायचं म्हणजे पेडल. हे डबे पायानं दाबले की गिटारीचा आवाज बदलतो, हे संघपालनं मोबाइलवर पाहिलं होतं. त्यानं तीन पेडल पार्सलनं मागवले: एक आवाज फाडणारा, एक आवाज दुहेरी करणारा आणि एक इकोचा. आता ते बसवायला फळी पाहिजे. नवं सागवान घ्यावं तर अगोदर पावती दाखवा म्हणतात, आणि पेडलबोर्डासाठी जंगलखात्याकडे जाणं त्याला बरं दिसेना. घरात सासऱ्याच्या वेळची सागवानी बाज होती. तिच्या लांबीच्या दोन लाकडांचा उतरता ओटा झाला, मधून तारा गेल्या. वीज द्यायला ट्रान्सफॉर्मर त्यानं स्वतः गुंडाळला. मुख्य बटण म्हणून पंपाच्या स्टार्टरचं बटण बसवलं. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद.

बायको नीलिमा अंगणवाडीतून आली तेव्हा बाजेची सुतळी दारात गुंडाळून ठेवलेली होती.

"माह्या बापाची बाज कुठी गेली?"

"हे का, इथीच हाये. आवाज देऊन राह्यली."

"बाज आवाज देत होती तवा तुमी म्हणत होते, ठोकून घेतो. हे ठोकणं होय का?"

पहिला पेडल दाबून संघपालनं एक सूर ओढला. आपली मोटार न्यायला आलेला पत्रू दारातच थबकला. कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, बेरिंग गेली."

"मोटार नाई गा, गिटार होय हे."

"मंग गिटारीची गेली."

दुसऱ्या पेडलानं दोन गिटारी एकमेकींशी थोड्या रुसून वाजल्यासारख्या वाटल्या. तिसरा मात्र खरोखर देखणा निघाला. एक सूर छेडला की तो दुकानाच्या टिनावर चार-पाच वेळा घुमायचा आणि हळूहळू विरायचा. संघपालनं त्याच्या घुमणं कमी-जास्त करायच्या दोन्ही चाव्या शेवटपर्यंत फिरवल्या, डोळे मिटले आणि मोटारींसमोर एक अख्खं गाणं वाजवलं. आपली सीट या डब्यात आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं.

म्हणून त्यानं त्या डब्याला जपायचं ठरवलं. धुक्याचे दिवस, हवेत ओल, मंडप उघड्यावर. त्यानं डबा उघडला आणि आत हात राखून नाही, मनापासून व्हार्निश ओतलं. मग बल्बाखाली शेकलं. सकाळी पाहतो तर दोन्ही चाव्या जागच्या जागी दगड झालेल्या. पकडीनं फिरवून पाहिलं, थिनर टाकलं, एक शिवीही दिली. इको शेवटच्या टोकाला अडकला तो अडकलाच. पायाचं बटण तेवढं वर असल्यानं सुटलं होतं. म्हणजे आता इको एक तर पूर्ण बंद, नाही तर पूर्ण चालू.

पौर्णिमेला दुपारी विहारासमोर मंडप भरला. एका बाजूला खीर शिजत होती. संघपालनं बोर्ड मांडला, हिरवं बटण दाबलं आणि पहिल्याच गाण्यात आवाज फाडला. उपासकांतले दोन म्हातारे उठून जनरेटर पाहून आले. दुसऱ्या गाण्यात त्यानं इको दाबला, आणि त्याचा एकेक सूर इतक्यांदा परत आला की ढोलकीवाल्याला सम सापडेना. पियुषनं शांतपणे एक बटण दाबलं. कीबोर्डातून गिटार वाजली. स्वच्छ, तालात, नकली. लोकांनी माना डोलावल्या.

गाणं संपताच नूतनताई बोर्डाजवळ आल्या. आता सांगतील, खाली जाऊन बसा. संघपालनं लाल बटणावर बोट ठेवलं.

"हे आवाज घुमते ते का होय जी?"

"इको होय."

"माह्या माइकले लागते का?"

लागत नाही म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती, आणि सीटही. पिन एकाच मापाची होती हे संघपालला माहीत होतं. मग आपल्याच हातानं त्यानं गिटारीची पिन उपटली आणि माइकची खुपसली.

ताईंनी ओळ उचलली. ओळीचा शेवटचा शब्द आला तसं संघपालनं पाय दाबला. तो शब्द मंडपातून निघाला, विहारावरून गेला, धानाच्या बांध्यांवर चार-पाच वेळा आपटून परत आला. खिरीच्या रांगेतले लोक द्रोण हातात घेऊन मागे वळले. टाळ्या पडल्या. एका आजीनं शेजारणीला विचारलं, "मागे अजून कोन गाऊन राह्यलं व?"

पुढची अकरा गाणी संघपाल मांडीवर मुकी गिटार घेऊन बसला. ओळ संपली की पाय दाबायचा, नवी सुरू झाली की सोडायचा. एकदाही चुकला नाही. पंधरा वर्षं त्या बाईच्या गळ्यामागे वाजवलं होतं, ती श्वास कुठं सोडते हे त्याच्या पायाला माहीत होतं. हे पियुषच्या कोणत्याच बटणात नव्हतं. पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

परतताना जीपमध्ये ताईंनी त्याला पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला बसवलं.

"भाऊ, सीट पक्की. कोरसवालीचं कामच नाई आता. आन् आयका, चाव्या अडकल्या म्हणता, तं त्या सुधारू नका हं. आहे तसंच राहू द्या."

"बरं जी."

"गिटार आणली नाई तरी चालते. जागा लय घेते."

मागून पियुष म्हणाला, "भाऊ, डब्बा भारी सेट केला. कोनतं सेटिंग होय हे?"

"व्हार्निशचं," संघपाल म्हणाला. पियुषनं ते मोबाइलवर लिहून घेतलं.

घरी नीलिमा जमिनीवर चटई टाकत होती. "राहिली का सीट?"

"राहिली. पुढची."

"मंग तोंड काऊन असं केलं?"

त्यानं गिटार खुंटीला लावली आणि पाणी प्यायला. बोर्ड कुठं ठेवावा ते सुचेना, तेव्हा नीलिमानंच तो उचलून भिंतीकडे सरकवला आणि तिथं पडलेली बाजेची सुतळी फळीवर ठेवली. तेवढ्यात दारात पिठाच्या गिरणीवाला दसरू उभा राहिला, हातगाडीवर मोटार घेऊन. गिरणी दुपारपासून बंद, अर्ध्या गावाचं दळण अडलेलं. संघपालनं मोटार उतरवली, झाकण खोललं आणि पाटावर बसून छिन्नी लावली.