धुतलेली घोंगडी

धाकट्या बहिणीला जन्म दिला आणि तिसऱ्या दिवशी आमची आई गेली. निजामावर पोलीस ॲक्शन होऊन दुसरं वर्ष चालू होतं आणि मी आठ वर्षांची होते. आमची मेंढरं तेव्हा पिंगळीच्या शिवारात बसली होती. खत मिळावं म्हणून शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत आणि बदल्यात आम्हाला जोंधळे देत. बहिणीला शेळीचं दूध पचेना. बानं तिला धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि दोन कोसांवरच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. मी मागून चालत होते.

दवाखान्यात एकच नर्स होती, तिला सगळे बाई म्हणत. बाईंनी डब्याचं दूध कालवून चमच्यानं पाजलं आणि ते पोटात राहिलं. "चार महिने इथंच ठेवा, धरेल बाळसं," त्या म्हणाल्या. पण बाचा पाय निघेना. त्याला धीर यावा म्हणून बाईंनी त्यांच्या शास्त्रातलं सांगितलं. देव हा आपल्या लोकांची आई आहे, अंगावर पिणाऱ्या लेकराला एखादी आई विसरेलही, पण तो विसरत नाही.

बा जगातली प्रत्येक गोष्ट मेंढरांवरून समजून घ्यायचा. मला त्याची चीड यायची. त्यानं विचारलं,

"आन् लेकरूच इसरलं तर, बाई?"

"लेकरू कशाला विसरेल?" बाई म्हणाल्या, पण त्यांनाही ते उत्तर पुरेसं वाटलं नसावं.

बानं लोकर कातरायची कातर कमरेतून काढली, आपल्या घोंगडीचा वीतभर कोपरा कापला आणि बहिणीच्या अंगाखाली सारला. "वासानं वळख ऱ्हाती. ह्ये हिच्यापून काढू नका," एवढं बोलून तो निघाला.

चार महिन्यांनी आम्ही परत आलो. बहीण गुटगुटीत झाली होती, अंगात झबलं होतं. बानं उचलून घेताच ती ताठ झाली आणि काळीनिळी होईस्तोवर रडली. बाईंच्या खांद्यावर गेली आणि गप्प झाली. घोंगडीचा तुकडा पाळण्यात नीट घडी करून ठेवलेला होता. बानं तो नाकाशी नेला. त्याला साबणाचा आणि फिनेलचा वास येत होता.

"दर आठवड्याला धुते मी. एक डाग पडू दिला नाही," बाई कौतुकानं म्हणाल्या. त्यांचा काय दोष? त्यांच्या लेखी तीच माया होती. बानं तुकडा होता तसा परत ठेवला.

"दोन दिवस राहा, लागेल लळा," बाई म्हणाल्या. बा म्हणाला, मेंढरं पुढं गेलीत. हे खोटं होतं. मेंढरं तिथंच वेशीबाहेर उभी होती. निघताना त्यानं हात जोडून बाईंना विनवलं, ही मोठी झाली तरी मी कोण ते हिला सांगू नका, हितं सुखात हाय.

वाटेत मी त्याच्यावर तुटून पडले. एखाद्या मेंढीनं कोकराला जवळ केलं नाही, तर हाच बा तिला तीन दिवस खुंट्याला बांधायचा, तिचंच दूध कोकराच्या पाठीला चोळायचा, पण जमवून आणायचाच. मग पोटच्या पोरीसाठी दोन दिवस निघाले नाहीत?

"मेंढी बांधता येती," तो म्हणाला. "लेकरू बांधून ठिवायचं का?"

मी कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाही. आज त्याचं मला फार वाईट वाटतं.

पुढं दहा वर्षं, मेंढरं त्या बाजूला असली की बाजारच्या दिवशी तो दवाखान्यातल्या लिंबाखाली जाऊन बसायचा. तो रोगी वाटावा आणि पोरीनं काही विचारू नये म्हणून बाई त्याला खोकल्याच्या औषधाची बाटली द्यायच्या. बहीण त्याला पाण्याचा तांब्या आणून द्यायची. तो पाणी प्यायचा आणि उठायचा.

एका थंडीत बा रानातच गेला. मी त्याची कोपरा कापलेली घोंगडी घेऊन दवाखान्यात गेले आणि बहिणीला सगळं सांगितलं. दोन वेण्या घातलेली, दहा वर्षांची पोर. ती आत जाऊन तो तुकडा घेऊन आली. बाहुलीचं अंथरूण झाला होता तो. धुऊन धुऊन इतका आटला होता की कोपऱ्याला लावून पाहिला तर बसेना.

"ते आजोबा?" ती म्हणाली. "इतकं औषध घेऊनसुद्धा बरे झाले नाहीत?"

मग तिनं घोंगडी जवळ ओढली, वास घेतला आणि बाईंकडं वळून हळूच म्हणाली, "बाई, ही धुवायला हवी."

मी ती तिच्या हातातून हिसकावून घेतली. आजवर त्या घोंगडीला पाणी लागू दिलेलं नाही.