लाल बाटलीतले चार थेंब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी बोलते. तुला सांगते — तू मध्ये बोलणार नाहीस म्हणून.

इकडे अमेरिकेत, शुगर लँडला मी मुलाकडे, नितीनकडे राहते. शिकले चौथी. इंग्रजी वाचता येत नाही, पण कुठली वस्तू कशी चालते ते बघायची खोड लहानपणापासूनची. गावी आमची पिठाची गिरणी होती. हादऱ्याने बोल्ट ढिले व्हायचे. मग यजमान आट्यांना सूत गुंडाळून वर लाल रंग लावायचे. बोल्ट हलत नसे.

नितीनकडे रायफल आहे. एका शनिवारी गॅरेजमध्ये त्याचा मित्र प्रशांत तिच्या नळीच्या टोकाला, दणका कमी करणारा एक तुकडा बसवत होता. मी बघत उभी. त्याने आट्यांवर निळ्या बाटलीतला थेंब सोडला.

"याने सुटत नाही, मावशी. पातळ असतं, आत गेलं की दगड!"

पातळ, आणि दगड? कसं होत असेल? दोघं चहाला आत गेले. टेबलावर रिकामी रायफल, शेजारी दोन बाटल्या — निळी आणि लाल. मी तुकडा हाताने उलटा फिरवून काढला, फडक्याने निळं पुसलं. लाल बाटली उचलली. आमच्याकडे लालच लावायचे ना? चार थेंब घातले आणि होता तसा घट्ट केला. मदत म्हणून? नाही. दगड होतो का, ते बघायचं होतं.

झाला.

महिन्याने प्रशांतसमोरच नितीन तुकडा काढायला गेला. पाना लावून जोर केला, तेव्हा तो नळीचे आटे खाऊनच निघाला. आत लाल.

"लाल कायमचं असतं, तापवल्याशिवाय निघत नाही! तुला निळं सांगितलं होतं ना?"

"निळंच लावलं, यार. शप्पथ."

"मग लाल काय आईने लावलं?"

दोघं माझ्याकडे बघून हसले. मी — मीही हसले. तेवढं एक हसू नसतं आलं तर? पण आलं. प्रशांतचं हसू आधी थांबलं. "म्हणजे मी खोटं बोलतोय?" म्हणाला. नितीन खाल्लेले आटे बोटाने चाचपत राहिला.

त्यानंतर प्रशांत आला नाही. दर शनिवारी माझ्या हातचं थालीपीठ खाणारा मुलगा. नितीन म्हणतो, "चूक झाली त्याचं काही नाही, आई. खोटं कशाला बोलायचं?" मी पोळ्या लाटत राहते.

पुढे नितीनलाच विचारलं, ते बाटलीत का नाही रे होत घट्ट? म्हणाला, बाटलीत हवा असते. दोन लोखंडांमध्ये हवा कोंडून संपली की मगच घट्ट होतं.

लाल बाटली अजून फळीवर आहे. काल तिरपी करून पाहिली. पातळच आहे. दोन वर्षं झाली. प्रशांतचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, आणि मी तो लावलेला नाही.