अनवाणी प्रेक्षकास प्रवेश नाही

तारखा आधी नोंदवतो. माणसे बोलण्यातून निसटतात, तारखांतून निसटणे त्यांना जड जाते.

पोळ्याचा दुसरा दिवस: जत्रेच्या शर्यत समितीच्या चिटणीसांनी प्रेक्षकांसाठीच्या नियमांचा मसुदा माझ्या हाती दिला. घटस्थापनेच्या आधीचा सोमवार: मी तो तपासून परत केला. दिवाळीचा पाडवा: मैदानाच्या फाटकावर पाटी लागली. चंपाषष्ठी, पहिली धाव सुटण्याच्या थोडे आधी: त्या पाटीवरील चौथ्या कलमानुसार माझ्या थोरल्या भावाला फाटकावर अडवण्यात आले. जबाबदार माणसे तीन. ते कलम आणणारे चिटणीस, त्याखाली सही करणारे अध्यक्ष, आणि ते वाचूनही न कापणारा मी. फाटकावरच्या माणसाला मी यात धरत नाही. त्याला वाचता येत नव्हते.

दुष्काळाचे ते दुसरे वर्ष होते आणि आमच्या जिल्ह्याचे पहिले. लातूर आता तालुका राहिले नाही, जिल्हा झाले, याचा ताठा रेणापूरच्या अलीकडच्या आमच्या लहानशा गावातही आला होता. विहिरींचे तळ दिसत होते, आणि माणसे जिल्ह्याला शोभेल असे काहीतरी आपल्याही गावात असावे म्हणून धडपडत होती. हॉटेलाच्या पाटीवर ‘जि. लातूर’ हा मजकूर हॉटेलाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवलेला मी पाहिला आहे.

मी तहसिलीबाहेर पत्र्याखाली बसणारा अर्जनवीस. सनद नव्हती, परंतु कलमे पाठ होती, आणि लोकांचे अर्ज लिहून उरलेल्या वेळात मी माझे स्वतःचे लिहीत असे. आदल्या वर्षीच्या जत्रेत एक घोडा दोर तोडून बघ्यांत घुसला आणि बांगड्या विकणाऱ्या एका बाईचा हात मोडला. तेव्हापासून मी समितीला एकामागून एक चार पत्रे धाडली होती. मागणी एकच होती: प्रेक्षकांनी कोठे उभे राहावे, काय करू नये, याचे लेखी नियम करावेत व कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता त्यांचा अंमल व्हावा. हे शेवटचे वाक्य मला फार आवडत असे. चारही पत्रांत ते आहे.

चौथ्या पत्रानंतर चिटणीस स्वतः घरी आले. निवृत्त शिक्षक, कोटाची वरची गुंडीही कधी न सोडणारे. त्यांचे जावई मोठ्या शहरात नोकरीला होते आणि तेथील घोड्यांच्या मैदानावर प्रेक्षकांना वाटतात तो कागद त्यांनी आणला होता. चिटणीसांनी त्याचे मराठी केले होते. नशा करून आलेल्यास प्रवेश नाही. दोराच्या आत पाय टाकू नये. एकदा बाहेर गेलेल्यास पुन्हा आत घेतले जाणार नाही. आणि चौथे कलम: पादत्राणांशिवाय आलेल्यास प्रवेश नाही.

मी लाल शाईने शुद्धलेखन सुधारले, दोन कलमांचा क्रम बदलला. चौथ्या कलमापाशी थोडा थांबलो. यंदा धाव आटलेल्या तळ्याच्या पोटात, तेथे बाभळीचे काटे असतात, घोड्यांची लीद असते, पायाला जखम झाली तर धनुर्वात होतो, असा विचार करून मी समासात लिहिले: योग्य. ठेवावे.

हे लिहीत होतो तेव्हा माझा भाऊ समोरच्या खांबाला टेकून बसला होता. त्याचे पाय माझ्या कागदापासून हातभर अंतरावर होते. त्या पायांत वर्षभराहून अधिक काळ वहाण नव्हती. आदल्या पोळ्याला, पिके जळाली तेव्हा, त्याने खंडोबाच्या पायरीवर नवस बोलला होता की भरपूर पाऊस पडेस्तोवर पायात काही घालणार नाही. आमच्याकडे असा नवस करणारा तो एकटा नव्हता. त्या दोन वर्षांत गावोगाव अशी माणसे होती. टाचांच्या भेगांत तो रात्री मेण भरीत असे. हे सर्व मला ठाऊक होते. तरी ते पाय आणि ते कलम यांची गाठ माझ्या मनात पडली नाही. कागद तपासताना मी माणसांकडे पाहत नसे. ही सवय मी गुण म्हणून मिरवत होतो.

भावाकडे एक घोडी होती. कंधारच्या बाजूला लहान असताना घेतलेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. चार वर्षे ती आमच्या जत्रेत धावली आणि दोनदा पहिली आली. परंतु कडबा संपला होता, आणि गुरांच्या छावणीत घोडी घेत नव्हते. भावाने ठरवले की चंपाषष्ठीला एकदा धावू द्यायची आणि त्याच दिवशी जत्रेत विकायची. घरात तो एवढेच म्हणाला, “एकदा डोळे भरून बघतो. मंग न्हेऊ द्या कुणालाबी.”

आमच्याकडच्या शर्यतीची एक रीत आहे. स्वार नुसता बसायला असतो. घोडे पळते ते मालकाच्या हाकेवर. मालक धावेच्या शेवटच्या टोकाला उभा राहतो, धोतराच्या ओच्यात भिजवलेले हरभरे घेऊन, आणि निशाण पडले की हाक घालतो. लहानपणापासून जनावराला तशीच सवय लावलेली असते. भावाने त्या दिवशी मूठभर हरभरे भिजवले होते. घरात माणसांना हरभरे उरले नव्हते, तरी वहिनींनी ते काढून दिले.

तळे आटले होते, म्हणून त्या वर्षी धाव तळ्याच्या पोटात ठेवली होती. आत जायला एकच फाटक. फुकट्या बघ्यांनी चढू नये म्हणून बांधावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. मला समितीने निरीक्षक म्हणून छातीवर लावायला कापडी फूल दिले होते, ते लावून मी आत फिरत होतो. फाटकापाशी आवाज चढले म्हणून गेलो, तर बाहेर माझा भाऊ उभा. घोडी घेऊन स्वार आधीच आत गेला होता.

फाटकावरचा माणूस आमच्याच आळीतला, भावाच्या हाताखाली पोहायला शिकलेला. तो ओशाळून बोलत होता.

“अण्णा, मला काय कळतंय? पाटीवर लिहून हाय म्हणतेत. अनवाणी माणूस सोडायचा न्हाई.”

“कुणी लिवलंय?”

“मास्तरानं. पर तुमच्या भावानं तपासलंय म्हणतेत.”

भावाने माझ्याकडे पाहिले, छातीवरच्या फुलाकडे पाहिले आणि म्हणाला, “मंग बरुबरच आसंल.”

मी माझ्या चपला काढून त्याच्यापुढे ठेवल्या. “दादा, एवढ्यापुरत्या घाल. आत गेल्यावर काढ.”

“पाऊस पडला का?”

“नाही.”

“मंग?”

त्याच्यामागे रांग खोळंबली होती आणि रांगेतल्या कुणीतरी टोमणा मारला, “वकीलसाहेब, आता तुम्हीच अनवाणी झालात. भायेर या.” लोक हसले. मी चपला पुन्हा पायात घातल्या आणि चिटणीसांना शोधायला गेलो.

चिटणीस मांडवात अध्यक्षांच्या शेजारी बसले होते. अध्यक्ष आडत दुकानाचे मालक, सही करण्यापूर्वी कागद न वाचणारे, मनाने वाईट नव्हेत. मी रीतसर मांडले. नियमाचा हेतू प्रेक्षकाची सुरक्षितता हा आहे. ही व्यक्ती नवसाने अनवाणी आहे. ती प्रेक्षक नसून धावणाऱ्या घोडीची मालक आहे. सबब चौथे कलम तिला लागू होत नाही.

चिटणीसांनी शांतपणे खिशातून माझे पत्र काढले. ते त्यांनी जवळ बाळगले होते. चष्मा लावून त्यांनी माझेच वाक्य मला वाचून दाखवले. “कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता. तुमचंच अक्षर आहे ना? आज तुमच्या भावाला सोडलं, तर उद्या लोक काय म्हणतील? जिल्ह्याचे लोक आले आहेत.”

“मालकाला अडवावं असा हेतू नव्हता.”

“हेतू कलमात लिहायचा असतो. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.”

अध्यक्ष म्हणाले, “जाऊ द्या हो मास्तर, सोडा त्याला.” चिटणीस म्हणाले, “मग पाटी उतरवतो.” अध्यक्षांनी पानाचा डबा उघडला. मी पुन्हा मुद्दे मांडू लागलो. पहिला मांडला, दुसरा मांडला, तिसऱ्यावर होतो तेव्हा माझ्या पाठीमागे निशाण पडले, टापांचा आवाज समोरून गेला आणि लोक ओरडले. मी वळलो तेव्हा धुळीखेरीज काही नव्हते.

बाहेर आलो. भाऊ बांधाच्या खाली उकिडवा बसला होता. मध्ये बांध, बांधावर काटे. त्याने हाक घातली नव्हती. उलट्या बाजूने हाक घातली तर घोडी बावचळून मागे फिरेल आणि स्वाराला पाडील, म्हणून तोंड दाबून बसलो, असे त्याने नंतर वहिनींना सांगितले. ओच्यातले हरभरे तसेच होते.

“कशी पळाली?” त्याने विचारले.

मी खोटे बोलू शकलो असतो. चांगली पळाली, एवढे म्हणणे अवघड नव्हते.

“मी पाहिली नाही, दादा. मी मांडवात बोलत होतो.”

तो म्हणाला, “म्हंजी आपल्या घरातल्या कुणीच बघितली न्हाई.”

ती तिसरी आली, असे लोकांकडून कळले. दुपारी देगलूरकडच्या एका व्यापाऱ्याने तिचे दात पाहिले, पाठीवर थाप मारली आणि स्वतःशीच तेलुगूत काही पुटपुटला. भावाने ओचा सोडून हरभरे तिला चारले आणि दोर त्याच्या हातात दिला. ती गेली तेव्हा तिने मागे वळून पाहिले की नाही, हे मी येथे लिहिणार नाही, कारण तेही मी पाहिले नाही. मी पाटीसमोर उभा राहून चौथे कलम उतरवून घेत होतो. तक्रारीसाठी.

पुढच्या सालात पाऊस आला. भावाने वहाणा घातल्या. जत्रेच्या मैदानात त्याने पुन्हा पाऊल टाकले नाही, आणि त्याविषयी तो मला कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर कदाचित माझी पत्रे थांबली असती. मी समितीला लिहीत राहिलो. उत्तर एकदाच आले: जिल्हा नवा झाल्याने नियमांचे मूळ कागद जुन्या जिल्ह्याकडे राहिले, सबब दुरुस्ती करता येत नाही. मी दोन्हीकडे एस. टी. ने जाऊन आलो. समितीने तो कागद कोणत्याही जिल्ह्याला कधी पाठवलाच नव्हता. तो चिटणीसांच्या पेटीत होता, माझ्या लाल शाईसह.

आता चिटणीस नाहीत, अध्यक्ष नाहीत. भाऊही गेला. अध्यक्षांचे चिरंजीव अध्यक्ष आहेत. तळ्यात पाणी असते म्हणून धाव माळावर होते, पण पाटी तीच आहे. दर दिवाळीला तिला नवा रंग देतात आणि चौथे कलम न वाचता पुन्हा रंगवतात. मी थकलो आहे. शाई कागदावर पसरते, आणि टपालात पडलेल्या पत्राचे काय होते ते मला पुरते कळून चुकले आहे. म्हणून हे पत्र नव्हे.

माझ्या वाट्याचे उत्तर मी देतो. मी ‘योग्य’ असे लिहिले, आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसाचे पाय पाहिले नाहीत. उरले समितीचे. येत्या चंपाषष्ठीला, पहिल्या धावेआधी, फाटकावर, ध्वनिक्षेपकावरून, विद्यमान अध्यक्षांनी सांगावे: अनवाणी माणसाला बाहेर ठेवून या मैदानाने कोणाचे रक्षण केले? कागदावर उत्तर नको. लोकांसमोर द्यावे. मी रांगेत उभा असेन, पायात काही न घालता.