नवी कोरी स्टेपनी

देवळाली कॅम्पात बाबांचं जवानांच्या बिल्ल्यापट्ट्यांचं दुकान होतं. फौजी गिऱ्हाइकांत उठबस करून त्यांनाही शिस्तीचं वेड लागलं होतं. गाडीच्या डिकीत जॅक, पाना, दोरी, बॅटरी, मलमपट्टीचा डबा, सगळं जागच्या जागी. आणि तळाशी त्यांचा जीव की प्राण, स्टेपनी. गाडी सेकंडहँड होती, पण स्टेपनी नवी कोरी. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, तेसुद्धा शाबूत. दसऱ्याला ती बाहेर निघायची, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल लावून परत आत जायची. पूजा पाचही चाकांची व्हायची. हवा मात्र चारातच भरली जायची. जे चाक वापरलंच नाही त्याची हवा जाईल कुठे, असं बाबांचं शास्त्र होतं.

हे शास्त्र ताईला भोवलं.

ताई माझी थोरली बहीण. डी.एड. होऊन घरी बसली होती, कारण जागाच निघत नव्हत्या. नव्वदचं दशक संपत आलं असताना सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिकेची जागा निघाली आणि तिला मुलाखतीला बोलावणं आलं. वयोमर्यादेतलं तिचं ते शेवटचं वर्ष. ही जागा गेली की पुढे अर्जही करता येणार नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"मी आदल्या दिवशीच एसटीने जाते," ती म्हणाली. "मैत्रिणीची मावशी आहे तिथे, रात्री तिच्याकडे राहीन."

"घरची गाडी असताना लोकांच्या दारात कशाला?" बाबा म्हणाले. "सकाळी लवकर निघू, आरामात पोचू."

ताईने भरलेली पिशवी रिकामी केली आणि साडी परत कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाबा, ताई आणि मी निघालो. वणी मागे पडली आणि घाट लागायच्या आत मागचं चाक बसलं. खोटं कशाला सांगू, बाबा खूश झाले. इतक्या वर्षांच्या तयारीला अखेर मुहूर्त लागला होता. "दहा मिनिटांचं काम," म्हणत त्यांनी बाह्या दुमडल्या. मी चाकांना दगड लावले. त्यांनी जॅक लावला, नट काढले, स्टेपनी चढवली, नट आवळले. ताई फाईल छातीशी धरून कडेला उभी होती. बाबांनी जॅक उतरवायला घेतला. गाडी खाली आली ती येतच राहिली. नवा कोरा टायर रिमखाली भाकरीसारखा चपटा झाला. डिकीत सगळं होतं, पंप तेवढा नव्हता.

बाबा पुन्हा पुन्हा टायर दाबून बघत राहिले. ताई एकदाही ओरडली नाही. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बऱ्याच वेळाने एक काळीपिवळी जीप आली. एरवी बाबा या जीपवाल्यांना जनावरं कोंबणारे म्हणून शिव्या घालायचे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यांनी रस्त्यात जाऊन हात जोडले. ड्रायव्हरने खाली वाकून पाहिलं. "स्टेपनीत बी हवा नाय व्हय?" तो म्हणाला. "एकच माणूस बसंल. लय भरलीय." मागच्या बाकावरच्या बाईने कोंबड्यांची पाटी मांडीवर घेतली आणि ताईला जागा करून दिली.

बाबांनी आणि मी एका ट्रॅक्टरवरून दोन्ही चाकं वणीला नेली. सगळं उरकून सुरगाण्याकडे पोचलो तेव्हा ताई शाळेच्या फाटकाबाहेर बसली होती. जीप वस्तीवस्तीला थांबत गेली होती. "माझं नाव दोनदा पुकारलं म्हणे," एवढंच ती म्हणाली. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली होती.

त्यानंतर बाबा दर रविवारी स्टेपनीची हवा बघायला लागले. वरातीमागून घोडं! ताई गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली. मला बाबांचा राग यायचा तो त्या दिवसापेक्षा नंतरचा जास्त, कारण हळूहळू त्यांनी त्या दिवसाची गंमत केली. पाहुणे आले की ते रंगवून सांगायचे, टायर कसा फुस्स झाला, आमची मास्तरीण कोंबड्यांच्या शेजारी कशी बसली. गोष्ट जीप सुटली की संपायची. लोक पोट धरून हसायचे आणि ताई स्वयंपाकघरात कपबशा विसळायची.

माझ्या साखरपुड्याला व्याही मंडळींसमोर त्यांनी तीच गोष्ट काढली. जीप सुटली, लोक हसले. ताई सरबताचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती.

"पुढचं पण सांगा ना, बाबा," ती म्हणाली.

"पुढचं काय, पोचलो आपण."

"मी कधी पोचले?"

आवाज चढलेला नव्हता. बाबांनी ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"उशिरा," ते म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. व्याह्यांना काही कळलं नाही, ते अजून कोंबड्यांवरच हसत होते. ताईने मान हलवली आणि उरलेल्यांना सरबत द्यायला गेली.